मांजरीतली गोल विहीर

चौकट उभी राहिली तेव्हा तिच्या आजूबाजूला भिंत नावाची वस्तू नव्हती. जोत्यावर एकटी सागवानी चौकट, तिला आंब्याच्या पानांचं तोरण, उंबऱ्यावर हळदीकुंकू आणि चहूबाजूंनी मोकळं रान. तरीही बोत्र्यांकडचा प्रत्येक माणूस जोत्यावर चढला की वळसा घालून त्या चौकटीतूनच आत जायचा आणि तिच्यातूनच बाहेर यायचा. जेवायला बोलावलेले पाहुणेसुद्धा तिच्यासमोर चपला काढत होते.

फक्त मच्छिंद्रराव बोत्रे चौकटीला बगल देऊन येरझाऱ्या घालत होते. थोरल्या मुलाच्या, ऋषीच्या, घराची चौकट बसायच्या दिवशी बापाने खरं तर फेटा बांधून मिरवायचं. मच्छिंद्ररावांनी फेटा बांधलाही होता, पण तो रागाने एका कानावर उतरला होता. हातात आराखड्याच्या कार्यालयाचं पत्र होतं. सकाळपासून त्यांनी ते सात जणांना वाचून दाखवलं होतं आणि आता आठवे श्रोते म्हणून व्याही सापडले होते.

"ऐका इवाई," असं म्हणून ते वाचू लागले. "'हरकत क्रमांक चारशे सतरा मान्य. सदर ठिकाणी प्राचीन वर्तुळाकार विहीर असल्याने नियोजित चोवीस मीटर रस्ता पश्चिमेस सरकविण्यात येत आहे.' म्हंजी बगा, आधी रस्ता आमच्या बाबुरावच्या पार्किंगमधनं चालला हुता. आता सरकला. सरकून कुठं आला? हितं! ह्या उंबऱ्यावर! माज्या सुनेनं सैपाक काय दुभाजकावर करायचा?"

सून म्हणजे अस्मिता, आणि अस्मिता म्हणजे शनिवार पेठेतल्या दिगंबरराव मोघ्यांची एकुलती एक मुलगी. दिगंबरराव प्लास्टिकच्या खुर्चीत बसून प्रसादाचा शिरा खात होते. 'चारशे सतरा' हा आकडा कानावर पडला आणि शिरा घशात होता तिथेच थांबला.

"आन् इहीर!" मच्छिंद्ररावांचा आवाज चढला. "माजा जल्म ह्या मातीत गेला. आमच्या आज्यानं कालव्याचं पानी पेलं, बापानं पेलं. हितं इहीर कदीच नव्हती. कोन हाय ह्यो चारशे सतरा? एकदा समोर येऊ द्या, त्यालाच गोल करतो."

"दादा, त्या मानसाला शिव्या देऊ नगं," धाकटे बंधू बाबुराव जिलबी खाता खाता म्हणाले. बांधापलीकडचं 'माऊली मंगल कार्यालय' त्यांचं होतं. जुन्या नकाशात त्या कार्यालयाचं पार्किंग आणि भांडी घासायची शेड रस्त्यात जात होती, नव्या नकाशात दोन्ही वाचली होती. "देवमानूस हाय त्यो. आपल्याला साठ वर्षं दिसली न्हाय ती इहीर त्याला दिसली."

"आंधळा आसंल! अडानी आसंल!"

दिगंबररावांनी पाण्याचा घोट घेतला. गप्प बसायचं, हे त्यांना कळत होतं. पण गप्प कसं बसायचं, हे त्यांना आयुष्यात कोणी शिकवलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात, गुडघे दाखवायला डॉक्टरांकडे जातात. भूगोलाचे निवृत्त शिक्षक दिगंबर मोघे हरकती नोंदवायला जात. शहराचा कुठलाही आराखडा प्रसिद्ध झाला की त्याची प्रत आणायची, जेवणाच्या टेबलावर पसरायची आणि कंपासपेटी उघडायची. पुलाच्या चढावर हरकत, पदपथाच्या फरशीवर हरकत, बसथांब्याचं तोंड मावळतीकडे आहे म्हणून हरकत. अशा चाळीस हरकती त्यांनी घेतल्या आणि चाळीसही फेटाळल्या गेल्या. एक्केचाळिसावी मात्र मान्य झाली. दोन वर्षांपूर्वी घेतलेली, मांजरी गावच्या रस्त्याची. मान्यतेचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते सोसायटीच्या तिन्ही मजल्यांवर उभ्याने वाचून दाखवलं होतं. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सोडलं नव्हतं.

जागा पाहायला ते गेले नव्हते. "बत्तीस वर्षं मी सहाराचं वाळवंट शिकवलं," ते म्हणत, "गेलो होतो का तिथे?" पुढे मुलीचं लग्न मांजरीत ठरलं तेव्हा आपण सरकवायला सांगितलेला रस्ता आणि जावयाचं शेत यांचा काही संबंध असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. नकाशात फक्त गट क्रमांक होते. व्याही कुठेच लिहिलेले नव्हते.

"अडाणी नसावेत," ते अखेर म्हणालेच. "भाषा चांगली आहे."

"भाषा चाटायची हाय का? 'रस्ता पश्चिमेस पंधरा मीटर सरकवावा' म्हनं! असं लिवलंय हरकतीत."

"'सुमारे पंधरा मीटर'," दिगंबरराव म्हणाले. "'सुमारे' महत्त्वाचं आहे. त्याच्याआधी 'वळणाची त्रिज्या विचारात घेता' असंही आहे."

बाबुरावांची जिलबी तोंडाजवळ थांबली.

"इवाई," मच्छिंद्रराव हळू आवाजात म्हणाले, "तुमाला पाठ कसं?"

अस्मिता तेव्हा चौकटीच्या पलीकडे, उद्याच्या स्वयंपाकघरात उभी होती. स्वयंपाकघर म्हणजे चुन्याच्या फक्कीने मारलेली चौकोनी रेघ. बाबांचे कान लाल झालेले तिने पाहिले आणि तिला सगळं कळलं. चोरी पकडली गेली की बाबांचे कानच आधी बोलतात.

"बाबा," तिने विचारलं, "चारशे सतरा म्हणजे तुम्ही?"

"त्या वेळी तू इकडची नव्हतीस," दिगंबरराव म्हणाले. बचाव म्हणून हे त्यांना पुरेसं वाटलं.

"आन् ते पेढे?" मच्छिंद्ररावांना एकाएकी आठवलं. "तीन म्हैन्यापूर्वी कंदी पेढे पाठवले हुते तुमी. 'एक मोठं काम झालं' म्हनून. ते ह्याचे? माजं घर रस्त्यात गेल्याचे पेढे मी खाल्ले? आन् वर फोन करून म्हनलो, लई ग्वाड हायेत म्हनून?"

"दोन-दोन खाल्ले तुम्ही," ऋषी पुटपुटला.

"तू गप!"

इकडे बाबुरावांनी जिलबी खाली ठेवून दिगंबररावांचे पाय धरले होते. आत्तापर्यंत ह्या व्याह्याला ते 'पेठेतलं पुस्तक' म्हणत. आता त्यांनी त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने पंखा आणला, खुर्चीवर गादी टाकली आणि लग्नसराईत कार्यालय कधीही फुकट, असं जाहीर करून टाकलं. दिगंबररावांना एकच मुलगी होती आणि तिचं लग्न झालं होतं, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"बाबा, माझं ऐका," अस्मिता त्यांच्यासमोर येऊन बसली. तिचा आवाज चढला नव्हता आणि म्हणूनच दिगंबररावांना भीती वाटली. "लग्न झाल्यापासून आम्ही हडपसरला भाड्याच्या घरात आहोत. तिथे भिंतीला खिळा मारायचा तर मालकाला फोन करावा लागतो. हे पहिलं दार आहे जे माझं आहे. आज तीन वाजता आराखड्याच्या कार्यालयातल्या मॅडम पाहणीला येणार आहेत. त्यांनी इथे विहीर आहे असं लिहिलं, तर रस्ता कायम होईल आणि हे घर जाईल. तुम्ही त्यांना सांगा की चूक झाली."

"चूक?" दिगंबररावांना तो शब्द गिळता येईना. "अस्मिता, विहीर आहे. नकाशात स्पष्ट आहे. मी कल्पनेने लिहीत नाही."

त्यांनी पिशवीतून नकाशा काढला. तो ते कायम जवळ बाळगत, कोणी विचारेल म्हणून. तीन महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं.

तो पसरेपर्यंत बाबुराव गायब झाले होते. पाचच मिनिटांत बांधापलीकडून घरघर ऐकू आली. जोत्याच्या भरावासाठी आणलेला जेसीबी कार्यालयाच्या पार्किंगमध्ये शिरला होता आणि बाबुराव त्याच्यापुढे हात गोल गोल फिरवत नाचत होते.

"बाबुराव, काय चाललंय?" मच्छिंद्रराव बांधावरून ओरडले.

"इहीर मोकळी करतोय! आज्यानं बुजवली हुती!"

"आज्याला इहीर बुजवायला टाइम हुता व्हय? दिसभर पत्तं खेळायचा त्यो!"

बाबुरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांचं गणित सरळ होतं. तीनला मॅडम येणार, अडीचला विहीर तयार पाहिजे. प्राचीनपणाचं नंतर बघता आलं असतं. अडचण एवढीच होती की जेसीबी चौकोनी खड्डा काढतो. चालकाने चारही कोपरे कुरतडून पाहिले तेव्हा तो अष्टकोनी झाला. बाबुराव त्याला "गोल कर, गोल कर" म्हणून विनवत असतानाच खड्ड्यातून फस्सकन पाण्याचा फवारा उडाला आणि थेट कार्यालयाच्या पाटीवर आदळला.

"पानी लागलं!" बाबुराव भिजत ओरडले. "तीन फुटावर पानी! बोला, आता इहीर हाय का न्हाय?"

भांडी घासायच्या शेडमधून आचारी हातात राखेने माखलेली परात घेऊन धावत आला. "मालक, नळाचं पानी गेलं! एकदमच गेलं!"

बाबुरावांनी फवाऱ्याकडे पाहिलं, आचाऱ्याकडे पाहिलं आणि मग हळूच खाली बसले. फुटलेली पाइपलाइन त्यांचीच होती.

हा सगळा वेळ दिगंबररावांच्या पत्नी मंदाकिनीबाई नकाशाकडे पाहत होत्या.

खरं तर त्यांना पाहायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी हाच नकाशा टेबलावर पसरलेला होता. लग्न होऊन छत्तीस वर्षं झाली, पण त्या टेबलावर कप ठेवायला त्यांना कधी कोपरा मिळाला नाही. ताट मांडीवर, कप नकाशावर. त्या दिवशी चहा जरा सांडला होता आणि कपाच्या बुडाचा गोल मांजरीवर उमटला होता. दुसऱ्या दिवशी त्याच गोलावर पेन फिरवून नवऱ्याने तो ठळक केला आणि भिंगातून पाहत म्हणाले, "मंदा, ही फार जुनी विहीर असणार. बांधकाम बघ किती रेखीव आहे." त्यांना तेव्हाच हसू आलं होतं. म्हटलं, हरकत एवी तेवी फेटाळणारच आहेत, कशाला सांगा. आणि मग ती मान्य झाली. पत्र हातात घेऊन तो माणूस घरभर फिरला, आरशासमोर उभा राहिला, स्वतःशी हसला. इतका आनंद त्यांनी त्याच्या चेहऱ्यावर लेक झाली तेव्हाच पाहिला होता. नंतर सांगायचा धीर झाला नाही.

पण आता लेकीचं दार रस्त्यात उभं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "ती विहीर नाही. तो माझा कप आहे."

"काय?"

"कप. चहाचा. मी ठेवला होता. वास घेऊन बघा, आल्याचा येईल."

दिगंबररावांनी वास घेतला नाही. त्यांनी भिंग काढलं. पेनच्या काळ्या रेघेच्या आतून एक फिकट तपकिरी कड डोकावत होती. त्यांनी भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं आणि नकाशा मिटून टाकला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"पेढे वाटले तेव्हाही?"

"तेव्हाही. आणले मीच ना."

मच्छिंद्ररावांना आता खरं तर ओरडायचा पूर्ण हक्क होता. तोंड उघडून त्यांनी व्याह्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. दिगंबरराव खुर्चीत एवढेसे होऊन बसले होते. एक्केचाळीस हरकती आणि मान्य झालेला एक चहाचा कप. अस्मितालाही रडू आलं. घर वाचवायचं तर बाबांना भर पंगतीत खोटं पाडावं लागणार होतं आणि न पाडावं तर घर जाणार होतं. आपले बाबा जगात सगळ्यात हट्टी आहेत, ह्यावर तिचा पक्का विश्वास होता.

भिजलेले बाबुराव दिगंबररावांच्या कानाशी लागले. "सर, कपाचं कुनाला म्हाईत न्हाय. घरातलीच मान्सं हायती. तुमचं पत्र ऱ्हाईल, माजं पार्किंग ऱ्हाईल."

"आन् पोरगी?" मच्छिंद्ररावांनी विचारलं. मग धाकट्या भावाच्या अंगावरून निथळणारं पाणी पाहून त्यांचा आवाज मऊ झाला. "बाबुराव, गाड्या माज्या वावरात लाव की. आडवलंय कुनी? शेडबी हितंच बांध. तोंड उघडून मागितलं असतंस तर खड्डा पडला नसता."

बाबुरावांनी नाक पुसलं. "तू आधी कुटं बोललास?" ते म्हणाले आणि दादाच्या शेजारी जाऊन बसले.

बरोबर तीन वाजता मॅडम आल्या. दीपमाला नावाच्या ह्या कनिष्ठ अभियंता स्कूटरवरून उतरल्या, चौकटीतून वर आल्या आणि फवारा, जेसीबी आणि दोन ओले-कोरडे बोत्रे यांच्याकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "विहीर दाखवा."

दिगंबरराव उठले. उठायला त्यांना वेळ लागला.

"विहीर नाही," ते म्हणाले. "मी हरकतदार चारशे सतरा. तो चहाच्या कपाचा डाग होता. माझ्याच घरच्या."

दीपमाला मॅडमनी चष्मा काढून पुसला. नोकरीत त्यांनी बरंच ऐकलं होतं, पण हे नवीन होतं. "मान्य झालेली हरकत अशी तोंडी मागे घेता येत नाही. तिच्याविरुद्ध नवी हरकत यावी लागेल."

"देतो," दिगंबरराव म्हणाले आणि बसून लिहू लागले. लिहिता लिहिता त्यांना चढतच गेलं. 'सदर हरकतदार हे घराबाहेर न पडता मते देणारे गृहस्थ असून…' मच्छिंद्रराव खांद्यावरून वाचत होते. "'अडानी'बी घाला," त्यांनी सुचवलं. दिगंबररावांनी 'अनभिज्ञ' घातलं. दोघांचंही समाधान झालं.

"आता नियमानुसार," कागद घेत मॅडम म्हणाल्या, "मूळ हरकतदाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. बोलवा त्यांना."

"मीच आहे."

"ते मला माहीत आहे. पण तुम्ही आत्ता ह्या बाजूचे आहात. त्या बाजूला जाऊन बसा."

समोरासमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. दिगंबरराव आधी एकीवर बसले आणि विहीर नसल्याचं पुराव्यासह सांगितलं. मग उठून दुसरीवर बसले, पाय दुमडून जरा ताठ झाले आणि रिकाम्या खुर्चीकडे तुच्छतेने पाहिलं. ऋषीला हसू फुटलं. अस्मिताने त्याला चिमटा काढला.

"मूळ हरकतदार," मॅडमनी लिहिता लिहिता विचारलं, "आपल्या हरकतीच्या समर्थनार्थ आपल्याला काही म्हणायचं आहे?"

"आहे," दिगंबरराव म्हणाले.

अस्मिता चौकटीतून पलीकडे गेली.

"विहीर नसली तरी मुद्दा उरतोच," ते सुरू झाले. आवाज स्वच्छ होता, वर्गातला. "पूर्वेकडच्या आखणीत वळणाची त्रिज्या अपुरी आहे. जड वाहनं साखर कारखान्याच्या हंगामात इथूनच जातील. पश्चिमेच्या आखणीत उतार नैसर्गिक आहे, पावसाचं पाणी आपोआप…" एकेक मुद्दा असा बिनतोड येत होता की मॅडमचं पेन थांबलं आणि त्या मान डोलवू लागल्या. बाबुरावसुद्धा नकळत "बराबर हाय" म्हणून गेले. छत्तीस वर्षांत इतकं चांगलं ते कधी बोलले नव्हते आणि इतकं लक्ष देऊन कुठल्या कार्यालयाने त्यांचं ऐकलं नव्हतं.

"मुद्द्यात तथ्य आहे," मॅडम म्हणाल्या. "असंच असेल तर विहिरीशिवायही हा रस्ता पश्चिमेला ठेवता येईल. तसं लिहू?"

दिगंबररावांनी तोंड उघडलं. 'लिहा' हा शब्द त्यांच्या जिभेवर आलेला सगळ्यांना दिसला. जिंकायला आता तेवढाच लागत होता.

समोर अस्मिता फक्कीच्या रेघेच्या आत उभी होती. तिने "बाबा" अशी हाकही मारली नाही. ती नुसती बघत होती. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत भाषण विसरली तेव्हा ती त्यांच्याकडे अशीच बघत राहिली होती.

"मॅडम," दिगंबरराव म्हणाले, "प्रश्न परत विचाराल?"

"आपल्याला आपल्या हरकतीच्या समर्थनार्थ काही म्हणायचं आहे?"

पलीकडे फवाऱ्याचं पाणी पाटीवर आपटत होतं.

"नाही," ते म्हणाले. "मला काहीही म्हणायचं नाही. आधी बोललो ते खोडा."

मॅडमनी दोन ओळी खोडल्या, एक लिहिली आणि त्यांच्यापुढे कागद सरकवला. दिगंबररावांनी दोन्ही हरकतदारांच्या वतीने सही केली. मच्छिंद्ररावांनी पुढे येऊन स्वतःचा फेटा काढला आणि व्याह्याच्या डोक्यावर ठेवला. तो त्यांना नाकापर्यंत आला. अस्मिता त्यांच्या गळ्यात पडून रडली आणि फेट्याच्या आतून दिगंबरराव तिला "वळणाची त्रिज्या मात्र खरंच अपुरी आहे गं" असं सांगत राहिले.

मॅडम फाइल आवरून स्कूटरकडे निघाल्या तेव्हा मंदाकिनीबाई लगबगीने चौकटीतून खाली उतरल्या.

"मॅडम, ती शेवटची ओळ आहे ना," त्या म्हणाल्या, "'हरकतदारांना काहीही म्हणायचे नाही' ही. तिची सही-शिक्क्याची प्रत मिळते का हो? जे काही शुल्क असेल ते भरते मी. मला फ्रेम करायची आहे."